गाडीचें नांव आणि मालकाचा अनुभव

पैठण नगरीचें प्राचीन नांव प्रतिष्ठान. 'प्रतिष्ठा' आणि 'प्रतिष्ठान' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत. स्थिर उभें राहणें, पाय घट्ट रोवणें, हा त्यांचा मूळ अर्थ. सातवाहनांच्या या राजधानीची कीर्ति समुद्रापलीकडे पोंचली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक प्रवासपोथींत पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर हें नगर असून तेथून अकीकासारखे मौल्यवान खडे गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलुखांतून बंदराकडे येतात, असें तींत नमूद केलें आहे. घेणारा एकीकडे, देणारा दुसरीकडे, आणि मध्यें वीस दिवसांची वाट. असला व्यापार मालाच्या नांवावांचून चालत नाहीं.

नांव मोठें, पण नांवाची पारख कशी करावी, हेंहि पैठणनेंच शिकविलें आहे. पैठणचा जाणता विणकर पैठणी दाखवितांना पदर उलटा करून दाखवितो. हातानें विणलेल्या खऱ्या पैठणीच्या पदरावरील नक्षी मागच्या बाजूनेंहि जवळजवळ तितकीच स्वच्छ उमटलेली असते. यंत्रमागावरील नकलेच्या पाठीमागें मात्र सुटे धागे लोंबत असतात. 2010 सालीं पैठणीला भौगोलिक निर्देशांकाचें कायदेशीर संरक्षण मिळालें. तरीहि चतुर गृहिणीची कसोटी बदललेली नाहीं. ती दुकानदाराचें बोलणें हंसून ऐकते आणि पदराची उलटी बाजू पाहते.

मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या आयुष्यांत घराच्या खालोखाल मोठी खरेदी कोणती, तर मोटारगाडीची. तिलाहि दोन बाजू आहेत. कंपनीचें नांव, जाहिरात आणि दुकानांतील झगमगाट ही सुलटी बाजू. चार पावसाळे ती गाडी वापरलेल्या मालकाचा अनुभव ही उलटी बाजू. या दोन बाजू पुष्कळदां जुळत नाहींत. कां जुळत नाहींत, आणि त्यांपैकीं कोणत्या बाजूवर किती विश्वास ठेवावा, याचा विचार करण्यासाठीं फार दूर जावयास नको. पैठणपासून उत्तरेस सुमारें पन्नास किलोमीटरांवर छत्रपति संभाजीनगर, म्हणजे 2023 पूर्वींचें औरंगाबाद. त्या शहराबाहेर जालना रस्त्यावर शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे, आणि तेथें 2001 सालापासून स्कोडा या चेक कंपनीच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. ही कंपनी एके काळीं युरोपांत स्वस्त गाड्यांची म्हणून ओळखली जात असे, आणि त्या स्वस्तपणापायीं तिची जेवढी थट्टा झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणाची झाली असेल.

या कंपनीचा जन्मच मुळीं एका गिऱ्हाइकाच्या तक्रारींतून झालेला आहे. बोहेमियांतील म्लादा बोलेस्लाव या गांवीं व्हाक्लाव क्लेमेंट नांवाचा एक पुस्तकविक्रेता राहत असे. त्यानें जर्मन बनावटीची एक सायकल विकत घेतली. ती नादुरुस्त झाली, तेव्हां त्यानें विक्रेत्या कंपनीच्या शाखेस आपल्या मातृभाषेंत, म्हणजे चेक भाषेंत, पत्र लिहिलें. उत्तर जर्मन भाषेंत आलें, आणि त्यांतील मजकूर एवढाच कीं उत्तर हवें असेल तर समजेल अशा भाषेंत लिहावें. क्लेमेंट स्वाभिमानी होता. त्यानें व्हाक्लाव लॉरिन या कुशल मिस्त्र्यास बरोबर घेतलें आणि 1895 सालीं दोघांनीं स्वतःच सायकली बनविण्यास आरंभ केला. त्या सायकलींस त्यांनीं 'स्लाव्हिया' असें नांव दिलें. पुढें मोटारसायकली आल्या, 1905 सालीं पहिली मोटारगाडी आली, आणि 1925 सालीं हा कारखाना पिल्सेन येथील बलाढ्य स्कोडा कारखान्यांत विलीन झाला. गिऱ्हाइकाला तुच्छ लेखणाऱ्या एका उद्धट पत्राची किंमत त्या जर्मन कंपनीच्या शाखेस कळली असती, तर तिनें तें पत्र खचित पाठविलें नसतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना सरकारी मालकीचा झाला, आणि 1948 सालीं चेकोस्लोव्हाकियांत साम्यवादी सत्ता आली. पश्चिमेकडील नवें तंत्र, नवें भांडवल आणि बाजारांतील चढाओढ या तिन्हींचा संबंध तुटला. 1964 पासून पाठीमागें इंजिन असलेल्या ज्या गाड्या निघूं लागल्या, त्यांचा मूळ सांगाडा थोड्याफार फरकानें पुढें जवळजवळ पंचवीस वर्षें तसाच राहिला. परकीय चलनासाठीं त्या गाड्या ब्रिटनसारख्या देशांत फार स्वस्त विकल्या जात. तेथें त्यांच्यावर विनोदांचा पाऊस पडला. स्कोडाची किंमत दुप्पट कशी करावी? तर तिच्या टाकींत पेट्रोल भरावें. तिच्या मागच्या कांचेस ऊब देण्याची सोय कशासाठीं? तर ढकलणाऱ्याचे हात गारठूं नयेत म्हणून. असले विनोद शाळकरी मुलांच्याहि तोंडीं असत.

हे विनोद अगदींच निराधार होते, असेंहि म्हणतां येणार नाहीं. गाडीच्या आंतील साज ओबडधोबड असे, आणि इंजिन पाठीमागें असल्यामुळें ओल्या वळणावर चालविणाऱ्यास हात सांभाळून चालवावें लागे. तथापि त्याच काळांत, 1977 सालीं, माँटे कार्लोच्या बिकट शर्यतींत आपल्या गटामध्यें स्कोडाच्या गाडीनें पहिला क्रमांक मिळविला, ही गोष्टहि तितकीच खरी. आणि जे काटकसरी लोक ती गाडी विकत घेत, त्यांच्यापैकीं कित्येकांचें मत विनोदकारांहून निराळें होतें. किंमत थोडी, रचना साधी, घरच्या घरीं पाना घेऊन पुष्कळशी दुरुस्ती करतां येण्याजोगी. दिलेल्या पैशाच्या मानानें गाडी बरी, असें ते म्हणत. थट्टा करण्यासाठीं गाडी स्वतः चालविलेली असण्याची गरज नसते. मत देण्यासाठीं मात्र ती असावी लागते. नांव आणि अनुभव यांच्या मार्गांत पहिली फूट पडते ती येथें.

पुढें 1987 सालीं इंजिन पुढें असलेली, इटालियन बर्टोनीच्या शिल्पशाळेंत रूप घेतलेली 'फेव्हरिट' ही गाडी आली. 1989 सालीं तेथील साम्यवादी राजवट कोसळली, 1991 सालीं जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीनें स्कोडांत भागीदारी घेतली, आणि 2000 सालापर्यंत ती पूर्ण मालक झाली. दरम्यान 1996 सालीं 'ऑक्टाव्हिया' निघाली होती. गाडी बदलली, कारखाना बदलला, नांव मात्र तेंच राहिलें आणि त्या नांवास चिकटलेला उपहासहि राहिला. तेव्हां कंपनीनें 2000 सालीं ब्रिटनमध्यें 'फॅबिया' या गाडीसाठीं एक विलक्षण जाहिरात केली. लोक आपल्या नांवास हंसतात, ही गोष्ट तिनें लपविली नाहीं. इतकी चांगली गाडी स्कोडाची असेल यावर लोकांचा विश्वासच बसत नाहीं, असेंच त्या जाहिरातींत दाखविलें होतें, आणि शेवटीं, ही खरोखर स्कोडाच आहे, अशी ग्वाही दिली होती. बढाई मारून उपहास नाहींसा होत नाहीं. तो मान्य करून त्याच्यापुढें माल ठेवल्यास होतो. पुढील वर्षांत मालकांच्या समाधानाची पाहणी करणाऱ्या ब्रिटिश याद्यांमध्यें स्कोडाचें नांव वारंवार वरच्या जागीं दिसूं लागलें. गाडी कांहीं वर्षांत सुधारली. तिचें नांव सुधारण्यास मात्र त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला. प्रतिष्ठा ही तारकेच्या प्रकाशासारखी असते. डोळ्यांस दिसतो तो प्रकाश मागच्या काळचा असतो, आणि तारका आज कशी आहे हें त्यावरून कळत नाहीं.

शेंद्र्यास मात्र हीच कथा उलट क्रमानें घडली. 2001 सालीं ऑक्टाव्हिया येथें आली, तेव्हां इंग्रजी विनोद कोणास ठाऊक नव्हते. ती डॉक्टर, वकील, बागायतदार आणि उद्योजक यांची गाडी म्हणून मिरवली. जड दार मिटतांना होणारा घट्ट आवाज, वेगांत रस्ता न सोडणारी चाल आणि डिझेल इंजिनाचा जोर यांची स्तुति मालक मनापासून करीत. जी कंपनी ब्रिटनमध्यें स्वस्त म्हणून हिणविली गेली, तीच येथें महाग म्हणून नांवाजली गेली. परंतु कांहीं वर्षांनीं उलट्या बाजूचे धागे दिसूं लागले. सुटे भाग महाग, ते येण्यास विलंब, दुरुस्तीशाळेचें बिल अंदाजाबाहेर, आणि स्वयंचलित गिअरपेटी बिघडली तर खर्च हजारांत नव्हे, लाखांच्या घरांत. या तक्रारी देशभर ऐकूं येऊं लागल्या. गाडी आवडते पण कंपनीचा धाक वाटतो, अशा अर्थाचें वाक्य तिच्या मालकांच्या तोंडून अनेकदां निघे. म्हणजे कारखान्यांत मिळविलेली प्रतिष्ठा दुरुस्तीशाळेच्या दारांत खर्ची पडत होती.

त्यांतच 2015 सालीं मूळ जर्मन कंपनीचें मोठें लबाडीचें प्रकरण उघडकीस आलें. धुराची तपासणी चालू असतांना धूर कमी दाखविणारी आणि रस्त्यावर मात्र नियम मोडणारी संगणक-युक्ति डिझेल गाड्यांत बसविली होती. त्या वर्षाच्या अखेरीस भारतांतहि त्या समूहाच्या सुमारें 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावण्याची घोषणा झाली, आणि त्यांत स्कोडाच्या गाड्याहि होत्या. येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, या दोषाची एकाहि सामान्य मालकास कल्पना नव्हती. त्यांची गाडी उत्तम चालत होती. मालकाचा अनुभव कितीहि सच्चा असला, तरी नाकास न कळणारा धूर त्यांत मोजला जात नाहीं.

पुढें कंपनीनें भारतासाठीं वेगळी योजना आंखली. 2019 सालीं समूहाच्या येथील कंपन्या एकत्र झाल्या. येथील परिस्थिति पाहून केलेली 'कुशाक' 2021 सालीं व 'स्लाव्हिया' 2022 सालीं बाजारांत आली. 2024 च्या अखेरीस 'कायलाक' ही त्यांहून लहान गाडी 7 लाख 89 हजार रुपयांच्या आरंभीच्या किंमतींत आली. सुटे भाग येथेंच बनवावे, देखभालीचा खर्च उतरावा, हा या योजनेचा एक मुख्य हेतु होता. एकशेंपंचवीस वर्षांपूर्वींच्या त्या सायकलीचें नांव पुन्हां एका गाडीस दिलें गेलें, हा योगायोग नव्हे. कंपनीस आपला आरंभ आठवत होता. तो गिऱ्हाइकाच्या पत्रासकट आठवत राहावा, एवढीच तिच्या मालकांची अपेक्षा आहे.

स्वस्त या शब्दाचें पारडें किती नाजूक असतें, हें पाहावयाचें तर दोन देशी उदाहरणें पुरेशीं आहेत. 14 डिसेंबर 1983 रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें पहिल्या मारुति गाडीची किल्ली देण्यांत आली. पन्नास हजारांच्या आसपास किंमत, आठशें घनसेंटिमीटरांहून किंचित् लहान इंजिन, पत्रा पातळ. तरीहि तीस वर्षें, म्हणजे 2014 सालीं तिचें उत्पादन थांबेपर्यंत, तिच्या नांवास बट्टा लागला नाहीं. कारण तिचा दोष निघाला तर तो तालुक्याच्या गांवींहि निघे आणि तालुक्याच्या गांवींच दुरुस्त होई. कोणीहि तिला गरिबाची गाडी म्हटलें नाहीं. पहिली गाडी म्हटलें.

उलट टाटांची नॅनो पाहावी. दुचाकीवर पावसांत भिजत जाणारें चौघांचें कुटुंब पाहून रतन टाटांच्या मनांत या गाडीची कल्पना आली. पुण्याच्या अभियंत्यांनीं ती घडविली. 10 जानेवारी 2008 रोजीं दिल्लींत एक लाख रुपयांची गाडी म्हणून तिचें दर्शन झालें, तेव्हां साऱ्या जगानें टाळ्या वाजविल्या. परंतु सिंगूरचा कारखाना सोडून साणंदला जावें लागलें, विक्री लांबली, आणि कांहीं गाड्यांनीं पेट घेतल्याच्या बातम्या पसरल्या. आंतील जागा, वळण्याची सुलभता आणि पेट्रोलची काटकसर यांविषयीं पुष्कळ मालक संतुष्ट होते. पण विकत घेणारा मनुष्य केवळ वाहन घेत नसतो. दारांत उभी राहणारी पत घेत असतो. जगांतील सर्वांत स्वस्त गाडी माझी, असें शेजाऱ्यास सांगणें कोणास आवडणार? सर्वांत स्वस्त हा शिक्का ही चूक झाली, असें स्वतः रतन टाटांनींहि पुढें मान्य केलें. 2018 च्या जून महिन्यांत नॅनोची केवळ एक गाडी तयार झाली. स्कोडाच्या चाहत्यांस थट्टा सोसण्यास तीस वर्षें मिळालीं. नॅनोला तेवढा अवकाश मिळाला नाहीं.

मग विश्वास ठेवावा कोणावर? मालकाच्या शब्दावर ठेवावा, पण तो तपासून. नव्या मालकाचें मत हें लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांतील मतासारखें असतें. ज्यानें दहा लाख रुपये मोजले आणि सात वर्षांचे हप्ते पत्करले, त्यास आपली निवड चुकली असें म्हणणें जड जातें. याउलट ज्याची गाडी ऐन लग्नसराईंत रस्त्यांत बंद पडली, तो दहा घरीं जाऊन सांगतो. ज्याची गाडी नऊ वर्षें बिनतक्रार चालली, तो कोणाकडे सांगावयास जात नाहीं. म्हणून फार मोठी स्तुति आणि फार मोठी निंदा या दोहोंतूनहि थोडें वजा करावें.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. अपघातांत गाडी कशी वागते, हें सुदैवानें बहुतेक मालकांस कधींच कळत नाहीं. 2014 च्या जानेवारींत एका आंतरराष्ट्रीय संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या लहान गाड्यांची टक्कर-परीक्षा घेतली. नॅनो, मारुति अल्टो यांच्याबरोबरच चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो हीसुद्धां, एअरबॅग नसलेल्या स्वरूपांत, शून्य तारे मिळवून बसली. या गाड्यांचे हजारों मालक त्या दिवसापर्यंत समाधानी होते, आणि त्यांचें समाधान खोटें नव्हतें. तें अपुरें होतें. पोलोमध्यें लवकरच दोन एअरबॅग सर्व प्रकारांत बसविल्या गेल्या. त्याच परीक्षेंत पुढें 2022 सालीं कुशाकला व 2023 सालीं स्लाव्हियाला पांच तारे मिळाले. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत सरकारनेंहि अशी परीक्षा सुरू केली आहे. तेव्हां जें मालकास ठाऊक असूं शकतें तें मालकास विचारावें, आणि जें ठाऊक असूं शकत नाहीं तें परीक्षेच्या निकालावरून पाहावें.

पैठणसारख्या गांवीं राहणाऱ्या कुटुंबानें मालकास काय विचारावें? गाडी कशी आहे, हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचें उत्तर चांगली आहे असेंच येतें. तिसऱ्या वर्षीं देखभालीस एकूण किती रुपये लागले, हें विचारावें. एखादा भाग किती दिवसांनीं मिळाला, तें विचारावें. वॉरंटी संपल्यावर कंपनीच्या माणसांचें बोलणें बदललें काय, हें विचारावें. कंपनीची दुरुस्तीशाळा गांवांत नसेल, तर प्रत्येक तपासणीस शहरापर्यंत जाऊन-येऊन शंभर किलोमीटर आणि रजेचा एक दिवस, हा हिशोब किंमतींतच धरावा. स्थानिक मिस्त्र्यास विचारावें कीं, या गाडीस तो आनंदानें हात लावतो कीं नाइलाजानें. जुन्या गाड्यांच्या बाजारांत पांच वर्षांनीं तिला काय भाव मिळतो, तें पाहावें. तो भाव म्हणजे हजारों मालकांनीं न बोलतां दिलेलें मत होय. आणि सर्वांत शेवटीं एकच प्रश्न करावा: आज पुन्हां पैसे हातीं आले, तर हीच गाडी घ्याल काय? या प्रश्नाच्या आधीं मालक किती वेळ थांबतो, तें ऐकावें. तो थांबणेंहि उत्तरच असतें.

हा विचार केवळ गिऱ्हाइकाच्या पैशांपुरता नाहीं. शेंद्रा, वाळूज, चाकण येथील कारखान्यांत हजारों मराठी घरांच्या चुली अवलंबून आहेत. पैठणच्या नाथसागराचें पाणी ज्या औद्योगिक नगरीस जातें, तिच्या मालाची पत हा या सर्व मुलुखाच्या हिताचा प्रश्न आहे. ती पत मालाच्या अंगीं जितकी असते, तितकीच तक्रारीच्या उत्तरांत असते. पन्नास किलोमीटरांवरून गाडी घेऊन आलेल्या मनुष्यास त्याच्या भाषेंत, त्यास समजेल असा हिशोब देणें आणि झालेली चूक झाकून न ठेवणें, हें ज्या कंपनीस साधलें, तिची गाडी स्वस्त असो वा महाग, तिच्या नांवास कोणी हंसणार नाहीं. पैठणीचा विणकर विचारल्यावांचून पदर उलटा करून दाखवितो. गाडीच्या व्यापाऱ्यानेंहि तेवढें करावें. आणि तो करीत नसेल, तर घेणाऱ्यानें स्वतः पुढें होऊन पदर उलटावा.